शेवटचं एकदा

बटणची आई जिना उतरली, रस्त्यावर आली, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेली आणि तिथून मागं वळली. दुकानदार शटर वर सरकवत होता. तिला परतताना पाहून त्यानं हातातलं काम न थांबवता विचारलं, "आज काय? गॅस की कुलूप?"

"गॅस," ती म्हणाली. हसलीही. पण पाय काही थांबले नाहीत.

गॅस बंद होता. तो बंदच असायचा. तिनं गॅसची बटणं हातानं चाचपली, शेगडीवर तळवा ठेवला, गार लागली. "बंद," ती मोठ्यानं म्हणाली, कारण मनात म्हटलेलं तिला जिना उतरेपर्यंत पुरत नसे. मग आलीच आहे तर खिडकीची कडी. मग आलीच आहे तर न्हाणीघरातली बादली पालथी आहे ना. घरात तिचा भाऊ बसला होता, शेजारी तिची मुलगी बसली होती, म्हणजे घर काही रिकामं नव्हतं. तरीही.

"काय राहिलं?" भावानं विचारलं.

"काही नाही रे दादा. शेवटचं एकदा बघून जाते."

मुलीचं नाव वेगळं होतं, पण नाक इतकं गोल आणि इवलंसं होतं की जन्मल्यापासून सगळे तिला बटण म्हणत, आणि मग बोलतानाही ते 'झोपलं', 'रुसलं', 'पळालं' असंच होत गेलं. बटण तान्हं असताना आई त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास येतोय ना ते बघायची. डॉक्टर म्हणाले होते, पहिलटकरणीला असं होतंच, मूल मोठं झालं की जाईल. मूल मोठं झालं. काळजीही त्याच्याबरोबर अंगानं भरली आणि बोलायला लागली. आता तिला गॅस लागायचा, कुलूप लागायचं, खिडक्या लागायच्या, आणि दिवसभर फोन लागायचा.

ती शिकलेली होती. या प्रकाराला काय म्हणतात ते तिनं वाचलं होतं. त्यानं एवढंच झालं की बिननावाच्या संकटाला नाव मिळालं. ते मिळाल्यावर संकट हलायचं नाव घेईना.

या आठवड्यात तर सगळंच एकदम आलं होतं. पाळणाघरातले नळाचे पाइप फुटून तिथं तळं झालं होतं, नवरा कामासाठी परगावी गेला होता आणि तिच्या दवाखान्यात रजा मिळत नव्हती. ती चष्म्याच्या दवाखान्यात लोकांचे नंबर काढायची. बटणला सांभाळायला उरला होता फक्त दादा.

आणि दादा म्हणजे एके काळचा अट्टल पिणारा. घरातल्यांनी कितीतरी वर्षांपूर्वीच त्याच्या नावानं आंघोळ केली होती. वहिनी सोडून गेली, नोकरी गेली, आई जाताना त्याच्याशी न बोलता गेली. त्यातून तो कसा बाहेर आला ते कुणी नीट विचारलं नव्हतं, कारण विचारलं आणि परत सुरू झाली तर, अशी सगळ्यांना धास्ती. आता तो वेताच्या खुर्च्यांच्या बैठका विणून द्यायचा. काम घेऊनच तो बहिणीकडे आला होता. खिडकीशी एक मोठी जुनी खुर्ची, मधोमध बैठकीच्या जागी नुसतं भोक, आणि शेजारी टपात भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या.

आल्या दिवशी संध्याकाळी तिनं त्याचा कप विसळायला उचलला आणि हळूच हुंगला.

"चहा आहे," पाठीमागून आवाज आला.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"हुंग गं, मला राग नाही. पण प्रत्येक वेळी हुंगलास तर तो कप लाजून फुटायचा."

दवाखान्यातून तिचे फोन सुरू झाले. एक नंबर काढून झाला की फोन, दुसरा येईपर्यंत फोन.

"जेवलं का?"

"जेवलं."

"खिडकी?"

"बंद."

"तू कुठं आहेस?"

"खिडकीच्या आत."

"दादा, चेष्टा नको. काय करतंय ते?"

"माझ्या टपात बसायचं म्हणतंय. मी नाही म्हणतोय. तू फोन ठेवलास तर मला दोन्ही हात मिळतील."

फोन ठेवला की तिच्या जिवात जीव यायचा. पण तो जीव फार वेळ टिकायचा नाही. जरा वेळानं वाटायचं, आत्ताच विचारलं, पण ते मघाशी. आता काय?

घरी गेल्यावर एका संध्याकाळी ती दारात चपला काढत होती. बटणची पाठ तिच्याकडे होती. त्यानं बाहुलीला उशीवर झोपवलं, अंगावर रुमाल घातला, थोपटलं. उठून चार पावलं गेलं. थबकलं. परत आलं, रुमाल वर करून बाहुलीच्या नाकापाशी कान लावला, रुमाल घातला, निघालं. परत आलं. "शेवटचं हं," ते बाहुलीला म्हणालं. "शेवटचं एकदा." आणि ते वळलं तेव्हा त्या इवल्या कपाळावर दोन आठ्या होत्या, उभ्या, भुवयांच्या मधोमध. त्या कुणाच्या आहेत हे ओळखायला आरशाची गरज नव्हती.

तिच्या हातातली चप्पल तशीच राहिली.

"हे कुठं शिकलं ते?" तिनं विचारलं, उत्तर ठाऊक असताना.

दादा वेताची पट्टी बोटांत धरून खुर्चीपाशी बसला होता. "पाळणाघरात तर शिकवत नसतील," तो म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्यानं पट्टी टपात सोडली. "बस जरा."

बटण बाहुलीला घेऊन आतल्या खोलीत गेलं. ती बसली. रडू येत होतं, पण ते गिळायची सवय होती.

"तो शब्द माझा आहे," दादा म्हणाला. "शेवटचं. मी 'शेवटची' म्हणायचो एवढंच. आणि बये, मी कधी खोटं नाही बोललो. दर वेळी मला खरंच वाटायचं, ही शेवटची. तुलाही वाटतं ना? शेगडीला हात लावताना?"

"म्हणजे मला आता दारुड्यांच्या रांगेत बसवतोस?"

"जागा आहे. मी सरकून बसतो."

तिला हसू आलं आणि त्याच झटक्यात रडूही आलं. रडणाऱ्या माणसाजवळ नुसतं बसणं त्याला जमायचं. पूर्वी तो अशा वेळी पळून जायचा.

"तुझी कशी सुटली?" तिनं नाक पुसत विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"दारूनंच सोडवली. माझी गुरूच ती."

"गुरू म्हणे! घर धुऊन नेलं त्या गुरूनं."

"मारकुटा गुरू होता," तो म्हणाला. "गोड बोलणारे बरेच येऊन गेले. आई बोलली, वहिनी बोलली तुझी, तू पण बोललीस. ऐकलं का मी कुणाचं?"

"मग तिनं असं काय शिकवलं?"

त्यानं आपल्या पाणी गळणाऱ्या बोटांकडे पाहिलं.

"मला वाटायचं, मला दारू हवीय. प्यायलो की कळायचं, ही नव्हती हवी. मग हवं काय होतं? ते बघायला एकदा न पिता बसावं लागलं. बसलो. हात कापत होते, घाम फुटला होता, भिंतीसुद्धा नकोशा झाल्या होत्या. आणि ते सगळं चालू असताना त्याच्या खाली काहीतरी होतं. शांत. माझ्या थरथरीनं ते हलत नव्हतं. कितीही प्यायलो तरी हललं नसणार, मीच तिकडं कधी गेलो नव्हतो. तू त्याला देव म्हण, नको म्हणू, मी नाव ठेवलं नाही. पण अजून ओढ लागते ना, रोज लागते, तेव्हा मी म्हणतो, चला, तिकडचं बोलावणं आलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती होत नव्हती.

"तुझं ठीक आहे," ती म्हणाली. "दारूशिवाय माणूस जगतो. माझं मूल आहे, दादा. मी बघायचंच नाही का त्याच्याकडे?"

"बघ ना! बघू नको कोण म्हणतंय? पण तू बटणकडे बघतेस कुठं? तू नुसती खात्री करतेस."

हे मात्र तिला लागलं. दिवसभर ती लोकांची नजर तपासायची आणि हा तिलाच असं म्हणत होता. ती तडकून काहीतरी बोलणार होती, पण आतून आवाज आला, "शेवटचं हं," आणि तिचे शब्द तोंडातच राहिले.

"उद्या दुपारी मी तुझा फोन उचलणार नाही," दादा म्हणाला. "सकाळी कर, जेवणाच्या वेळी कर. नंतर नाही. मी उचलतो म्हणजे मीच तुझा पेला भरून देतो. काही झालं तर मी करीन फोन."

"आणि तूच पिऊन पडलास तर?"

ते तोंडातून निघून गेलं. परत घेता येण्यासारखं नव्हतं.

"तर पडेन," तो म्हणाला, चेहऱ्यावरची रेघही न हलवता. "पण आजवर कुणाच्या फोनमुळे थांबलोय मी?"

तिनं आतल्या दाराकडे पाहिलं. त्या दोन आठ्या तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हत्या. स्वतःसाठी ती हो म्हणाली नसती. "बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी तिनं फोन केला, बटण वरण सांडून मोकळं झालं होतं, सगळं ठीक होतं. त्यानंतर दुपार सुरू झाली.

तिची खोली लांबट आणि अंधारी होती. एका टोकाला उजळलेला अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या टोकाला खुर्ची, मध्ये भिंगांची उघडी पेटी. सुरुवातीला तिनं काम करून वेळ काढला. मग एका तरुणाचा नंबर काढून झाला, तो गेला, दार लोटलं गेलं आणि तिचा हात फोनवर गेला. आपण करतोय हे तिला कळेपर्यंत तिकडं घंटी वाजत होती.

वाजत राहिली. कुणी उचललं नाही.

ठरलं होतंच तसं. पण उचलत नाही म्हणजे ठरल्याप्रमाणे उचलत नाही, की उचलू शकत नाही? खिडकी. टप, पाण्यानं भरलेला टप! त्या टपाचा तर तिनं विचारच केला नव्हता. दादा जमिनीवर आडवा. बटण एकटं. तिनं पर्स उचलली, दार उघडलं, आणि दारातच एक वयस्क बाई उभ्या होत्या, हातात जुन्या चष्म्याचं घर घेऊन.

"मी येऊ, की तुम्हीच निघालात?" बाईंनी विचारलं.

अवघड प्रश्न नव्हता. पण पर्स खांद्यावर, एक पाय बाहेर. याच पायानं ती रोज औषधांच्या दुकानापासून मागं वळत होती. धावत घरी गेले तर पुन्हा एकदा कळेल की सगळं ठीक आहे, आणि उद्या पुन्हा धावावं लागेल, आणि पाठीमागून बटण धावायला शिकेल.

"या," ती म्हणाली.

बाई निवृत्त मास्तरीण होत्या आणि उत्तर चुकेल म्हणून घाबरलेल्या. तिनं त्यांच्या नाकावर जड फ्रेम बसवली, भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं.

"पहिलं बरं की दुसरं?"

"पुन्हा दाखवा."

पुन्हा दाखवलं.

"आता सांगा."

"एकदाच, शेवटचं. चुकीचं सांगितलं तर चष्मा चुकायचा हो."

"नाही चुकत," ती म्हणाली. हे ती रोजच म्हणायची. "दोन्ही सारखी वाटायला लागली ना, की तेच उत्तर. तिथं थांबायचं असतं. आणखी बदलत बसलं तर डोळे थकतात आणि दिसतं तेही धूसर होतं."

"असं होय! आधी सांगायचं ना," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत सैल झाल्या.

बाई गेल्या. पुढचा माणूस अजून आला नव्हता. तिनं पर्स खाली ठेवली आणि त्या खुर्चीत स्वतः बसली, समोर उजळलेला तक्ता. ओढ आली, जशी यायची तशीच. बोटं फोनकडे सरकलेली. तिनं बोटं मांडीवर ठेवली. बरं, बोलावणं आलंय, ती स्वतःशी म्हणाली. जरा उपहासानंच म्हणाली. आणि बसून राहिली.

शांत वगैरे काही वाटलं नाही. उलट वाढलंच. टप, खिडकी, टप. ती बघत राहिली. मग त्या चित्रांच्या मागून एक वेगळंच काहीतरी वर आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. बटण तिला इतकं आवडत होतं की ते सहन होत नव्हतं. एवढंच होतं ते. इतकी माया ठेवायला आत जागा कुठं करायची हे न कळून ती इतकी वर्षं शेगडीला हात लावत फिरत होती. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तक्त्यावरची अक्षरं विरघळली, आणि तिनं पुसलं नाही.

नाकाखाली बोट धरून घालवलेले ते सगळे दिवस तिला आठवले. एकही श्वास तिच्या बोटानं चालवला नव्हता. तो आपला येत होता, जात होता, तिनं बघितलं तरी आणि न बघितलं तरी. आत्ता तिचा स्वतःचा चालला होता तसाच. ज्याच्या भरवशावर हा चालला होता त्याच्याच भरवशावर बटणचाही चालला होता, तिकडं घरी. हे तिला कळलं म्हणण्यापेक्षा ती त्यात थोडा वेळ बसली होती. बाहेर स्वागतकक्षातली मुलगी कुणालातरी "या बाजूनं या" म्हणाली. खुर्चीची चाकं कुरकुरली. प्रत्येक आवाज स्वच्छ ऐकू येत होता, भोवती भरपूर मोकळी जागा असल्यासारखा.

मग ते गेलं. ओढ परत आली. ती पुन्हा बसली. एकदा जमलं, एकदा नाही, एकदा तर तिनं फोन हातात घेऊन टेबलाच्या खणात कोंडला. पण ती दवाखाना बंद होईपर्यंत तिथंच होती.

घरी दार दादानंच उघडलं. चेहरा राखेसारखा.

"आधी ऐकून घे," तो म्हणाला.

तिनं ऐकून घेतलं नाही. ती आत गेली. बटण जमिनीवर बसून पट्ट्यांचे तुकडे लावत होतं आणि त्याच्या कपाळाच्या उजव्या अंगाला चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं.

"मी खुर्चीत पडले!" बटणनं अभिमानानं जाहीर केलं. "भोकातून! पाय वर आणि मी खाली!"

"बिनबैठकीच्या खुर्चीवर चढलं," दादा मागून म्हणाला. "मधूनच खाली गेलं, डोकं खुर्चीच्या पायावर आपटलं. खालच्या डॉक्टरांकडे नेलं लगेच. तपासलं त्यांनी. काही नाही म्हणाले, झोप आली, उलटी झाली तर आणा. तुला फोन केला. तू उचलला नाहीस."

फोन अजून दवाखान्यातल्या खणातच होता. आवाज तिच्यापर्यंत आला नव्हता.

"तुझं लक्ष कुठं होतं?" तिचा आवाज चढला. "तू करत काय होतास?"

उत्तर बटणनं दिलं. "मामा फोनकडे बघत होता. तुझा फोन वाजत होता ना. मामा म्हणाला, उचलू की नको, उचलू की नको. मग मी चढले."

ती खाली बसली, आहे तिथंच. रागानं तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं.

"हे त्यानं सांगायला नको होतं," दादा म्हणाला. "मी सांगणार नव्हतो."

"का?"

"तुला आता तेवढंच घेऊन बसायला होईल म्हणून. चूक अर्धी माझी आहे. नुसतं वाजू दिलं असतं तर झालं असतं. आपण दोघं वाटून घेऊ." मग तो तिच्यासमोर बसला. "पण दुसरं एक सांगणार आहे. ते पडलं, रडलं, डॉक्टरांकडे नेलं, परत आलो. आणि मला हवी होती. इतकी जोरात बऱ्याच दिवसांत नव्हती हवी झाली. खालच्या गल्लीतलं दारूचं दुकान मला इथं बसून दिसत होतं."

तिनं त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. स्वच्छ होते. यात तिची नजर चुकत नव्हती.

"गेलास?"

"नाही. याला मांडीवर घेऊन इथंच बसलो. कापत होतो नुसता. हे म्हणतं, मामा, तुला थंडी वाजते का? म्हटलं, हो रे बाबा. तर यानं न्हाणीघरातून ओला टॉवेल आणून माझ्यावर घातला."

"ओला?"

"चिंब."

ती हसली. हसता हसता तिला कळलं की हा माणूस आपल्याला आजवर इतकं खरं कधी बोलला नव्हता, आणि इतका भरवसा आपल्याला त्याचा कधी वाटला नव्हता. कप हुंगून तो भरवसा आला नसता.

"उद्या मला जरा लवकर निघायचंय," ती म्हणाली.

दादानं मान वर केली. "मीच सांभाळू? याच्यानंतरही?"

"ती खुर्ची तेवढी भिंतीकडे तोंड करून ठेव. आणि फोन मी करणार नाही. काही झालं तर दवाखान्याच्या नंबरवर कर, तो कुणीतरी उचलतं."

तो उठून टपाशी गेला, भिजलेली पट्टी काढली आणि खुर्चीच्या कडेच्या भोकांतून ओवायला लागला. बोटं अजून जराशी थरथरत होती, पण पट्टी नीट जात होती.

टेंगूळ मात्र समोर होतं. वाढलं का? मघाशी एवढंच होतं का? केस बाजूला करून नीट बघावं, बोटानं दाबून बघावं, दिव्याखाली नेऊन बघावं. डॉक्टरांनी सांगितलेलं ती बघणार होती, झोप, उलटी, त्यात कसूर करणार नव्हती. पण हे ते नव्हतं. हे काय आहे ते तिला आज ओळखू येत होतं. हात उठला होता. तिनं तो मांडीवर परत आणला. ओढ आलीच, आणि ती तिच्याजवळ बसून राहिली.

बटणला ते कळलं. मुलांना कळतं. ते तुकडे टाकून तिच्यासमोर येऊन उभं राहिलं.

"तुला बघायचंय?"

"खूप बघायचंय," ती म्हणाली. "पण मी जरा थांबलेय."

"कशासाठी?"

"अशीच. थांबल्यावर काय होतं ते बघायला."

बटणनं यावर विचार केला. मग ते तिला चिकटून खाली बसलं, दोन्ही पाय लांब केले आणि आईसारखेच हात मांडीवर ठेवले.

"मी पण थांबते," ते म्हणालं.

कपाळावर टेंगूळ होतं. आठ्या नव्हत्या.